बडोद्याहून समुद्र: मुलांना वॉटर स्पोर्ट्स, आईला पाण्यात पाय. कुठे जावं?

सुरसागर_काठ | शुक्रवार, रात्री १०.४२

नमस्कार मंडळी,

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही अकराजण समुद्रावर जायचं म्हणतोय. माझी दोन मुलं (दहा आणि सात वर्षं), बहिणीचे कॉलेजातले दोघे, माझी आई (एकाहत्तर) आणि बाकी आम्ही मधल्या वयाचे. भाच्यांना पॅरासेलिंग (दोराने ओढलेल्या छत्रीला लटकून उडणं) आणि जेट-स्की (पाण्यावरची स्कूटर) पाहिजे. मुलांना लाटांत खेळायचंय. आईने समुद्र पाहिलाय तो द्वारकेला, गोमती घाटावरून, लांबूनच. पाण्यात कधी उतरलेली नाही. यंदा तिला उतरवायचंच असं मी मनाशी ठरवलंय.

एक गोष्ट आधीच सांगते. १८ जानेवारी २०२४ ला हरणीच्या तलावात जे झालं, ते आपल्या गावाने पाहिलंय. होडी उलटून बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या, आणि होडीतल्या कित्येकांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हतं. तेव्हापासून मुलांना कुठल्याही होडीत बसवायचं म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. पण म्हणून मुलांना जन्मभर पाण्यापासून लांब ठेवायचं, हेही पटत नाही. नीट माहिती काढून जायचंय.

दोन प्रश्न आहेत. आपल्याकडून कुठला किनारा बरा पडेल? आणि नकाशात पाहिलं तर जंबुसरच्या पुढे समुद्र अगदी जवळ दिसतो, मग तिथे कुणी पोहायला का जात नाही?

---

दांडियाबाजार | शुक्रवार, रात्री ११.०५

दीव. डोळे मिटून दीव.

---

मांजलपूरकर | शनिवार, सकाळी ७.२०

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बडोद्याच्या माणसाला ते माहीत असायलाच हवं.

जंबुसरच्या पुढे कावी-कंबोईला स्तंभेश्वर महादेवाला गेला असाल. दिवसातून दोनदा ते देऊळ पाण्याखाली जातं. आपण हात जोडतो, फोटो काढतो आणि परततो. पण ते देऊळ का बुडतं याचा विचार करा. खंभातचं आखात नरसाळ्यासारखं आहे, तोंड रुंद आणि आत निमुळतं. खुल्या समुद्राची भरती आत शिरली की तिला पसरायला जागाच नसते, म्हणून ती उंच चढते. मुंबईला भरती-ओहोटीतला फरक चार-पाच मीटर, भावनगरकडे तो दहा मीटरच्या घरात जातो. म्हणजे तीन मजली घर सहा तासांत पाण्याखाली आणि पुढच्या सहा तासांत पुन्हा उघडं. एवढं पाणी आत-बाहेर करतं ते चालत नाही, धावतं. शिवाय मही, नर्मदा, साबरमती, तापी सगळ्या तिथेच गाळ आणून टाकतात. पाणी चहासारखं, तळाला चिखल. पाय रुतला की निघत नाही.

आखातात पोहायचं नाही. नजर लावून बघा, दर्शन घ्या, पाण्याची वेळ पुजाऱ्यांना विचारा आणि वेळेत मागे फिरा.

---

खंडेराव_मार्केट | शनिवार, सकाळी ९.१२

मांजलपूरकर यांच्याशी शंभर टक्के सहमत. आमच्यावर बेतलेलं सांगतो.

नऊ-दहा वर्षांपूर्वी दक्षिण गुजरातच्या एका किनाऱ्यावर गेलो होतो. काळी वाळू, ओहोटी, पाणी इतकं मागे गेलेलं की समुद्र कुठे आहे ते शोधावं लागावं. आम्ही चौघे चुलतभाऊ चालत चालत एका वाळूच्या उंचवट्यावर जाऊन बसलो. भुईमुगाच्या शेंगा खाल्ल्या, गप्पा झाल्या. पाणी समोरून येणार असं आम्ही धरून चाललो होतो, त्यामुळे डोळे समोर. ते आलं मागून. उंचवट्याच्या आणि किनाऱ्याच्या मध्ये एक सखल पट्टा होता, जाताना आम्ही तो घोटाभर पाण्यातून ओलांडला होता. भरती आधी त्या पट्ट्यातून आत शिरली. मागे वळून पाहिलं तेव्हा गुडघाभर, अर्ध्यात पोचलो तेव्हा कमरेवर. आणि ओढ अशी की पाय उचलला की तो भलतीकडेच पडायचा.

जाळी सुकवत बसलेल्या एका कोळ्याने आम्हाला पाहिलं. त्याने निळा नायलॉनचा दोर फेकला, पहिल्यांदा तो पोचलाच नाही, दुसऱ्यांदा माझ्या धाकट्या भावाच्या खांद्यावर पडला. दोर धरून एकेक आलो. त्या माणसाने आम्हाला शिव्या घातल्या नाहीत. फक्त विचारलं, "आजे पूनम छे, खबर नथी?"

पौर्णिमा होती. आम्हाला खबर नव्हती.

---

गोत्री_रोड | शनिवार, सकाळी ९.४०

बापरे. अंगावर काटा आला.

(आणि कुणी "मग विश्वामित्रीतच पोहू या की" म्हणायच्या आत सांगते, तिथे मगरी आहेत. त्यांचा हक्क आधीचा.)

---

मालवणची_माहेरवाशीण | शनिवार, दुपारी १.१५

माझं माहेर मालवण, सासर बडोदं, तेव्हा दोन्हीकडून बोलायचा हक्क आहे. 😊

सुरसागरताई, तारकर्लीला जा. मालवणहून सात-आठ किलोमीटर. पांढरी वाळू, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाणी इतकं नितळ असतं की कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून स्वतःची बोटं मोजता येतात. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांत स्नॉर्केलिंग (नळीने श्वास घेत पाण्यावर तरंगून खाली बघणं) आणि स्कुबा (पाठीवर हवेची टाकी घेऊन खाली जाणं) चालतं, एमटीडीसीचं स्कुबा शिकवणारं केंद्र तारकर्लीत आहे. कोकण रेल्वेने कुडाळ गाठायचं, तिथून तासाभराचा रस्ता. पावसाळ्यात मात्र जून ते ऑगस्ट सगळं बंद.

आता खंडेराव यांच्या पौर्णिमेवरून. आमच्याकडे हे लहान पोरांनाही येतं. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चार, त्याची पाऊणपट तीन. म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती आणि नऊच्या सुमाराला पूर्ण ओहोटी, दिवसाही आणि रात्रीही. अष्टमीला सहाला भरती, बाराला ओहोटी. वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा पाणी त्यातल्या त्यात शांत. हे गणित आमच्या किनारपट्टीचं हं, खंभातच्या आखातात लावू नका, तिथे भरती आत पोचायलाच वेळ घेते. तिकडे छापील वेळापत्रकच बघायचं.

आणि माझा काका म्हणायचा, "दर्याक पाठ दाखवू नको." फोटोसाठी लोक समुद्राकडे पाठ करून उभे राहतात, आणि नेमकी तेव्हाच मोठी लाट येते.

---

तिथी_वार | शनिवार, दुपारी २.०३

पाऊणपटीचं गणित आजच कळलं. कालनिर्णय काढून बसलोय. वाखूसा (वाचनखूण साठवली).

---

दांडियाबाजार | शनिवार, दुपारी ३.३०

माहेरवाशीणताई, तारकर्ली सुंदर आहे, वाद नाही. पण एकाहत्तर वर्षांच्या आजींना घेऊन बडोदा ते कुडाळ, मग परत गाडी, म्हणजे येण्याजाण्यातच तीन दिवस. म्हणून मी दीव म्हटलं. रात्री बसने निघालं की सकाळी तिथे. रेल्वेने जायचं तर वेरावळपर्यंत, पुढे नव्वदेक किलोमीटर मोटार, वाटेत सोमनाथही होतं.

दीवमध्ये दोन किनारे लक्षात ठेवा. नागवा घोड्याच्या नालासारखा, वॉटर स्पोर्ट्स बरेचसे तिथे. घोघला पुलाच्या अलीकडे, लांबच लांब आणि उतार सौम्य. २०२० साली भारतातल्या ज्या पहिल्या आठ किनाऱ्यांना ब्लू फ्लॅग मिळाला त्यात घोघला आहे, आणि द्वारकेजवळचं शिवराजपूरही. ब्लू फ्लॅग म्हणजे नुसती स्वच्छता नव्हे. पाण्याची तपासणी, जीवरक्षक, प्रथमोपचार, पोहण्याची आखून दिलेली जागा, असे तेहतीस निकष आहेत.

---

पाणीपुरवठा | शनिवार, दुपारी ४.१८

दीवची दुसरी बाजूही सांगा ना. आपल्याकडे दारूबंदी, म्हणून शनिवार-रविवारी अर्धा गुजरात तिथे कशासाठी जातो ते सगळ्यांना ठाऊक आहे. पिऊन पाण्यात उतरणारे बघितलेत मी. मुलांना घेऊन जायचं तर सोमवार ते गुरुवार जा, आणि सकाळी जा.

---

दांडियाबाजार | शनिवार, दुपारी ४.३०

हे मान्य. सकाळी आठ ते अकरा नागवाही शांत असतो.

---

लालबाग_पोहणारा | शनिवार, रात्री ९.५५

लालबागच्या तरणतलावात मी वीस वर्षं पोहतोय. एक किलोमीटर न थांबता सहज. हे एवढ्यासाठी सांगतोय की पुढचं वाचताना "याला पोहता येत नसेल" असं कुणाला वाटू नये.

कोकणातल्या एका किनाऱ्यावर, नाव मुद्दाम लिहीत नाही. दुपारची वेळ, ओहोटी लागलेली. डावीकडे लाटा फुटत होत्या, उजवीकडे फुटत होत्या, मध्ये वीसेक फुटांचा पट्टा गुळगुळीत, पाणी जरा गडद. मी मुद्दाम तिथेच उतरलो, कारण तिथे लाटा नव्हत्या. दहा-बारा हात मारले असतील, डोकं वर काढून पाहिलं तर किनारा लांब गेलेला. वळलो आणि किनाऱ्याकडे जोर लावला. दोन-तीन मिनिटं जीव तोडून पोहलो आणि किनारा होता तिथेच. तरणतलावात भिंत येते, हे शरीराला इतकं पाठ झालेलं असतं की भिंत आली नाही की छाती आपोआप आवळते. श्वास तुटायला लागला, खांदे दगड झाले.

वाचलो ते दोन गोष्टींमुळे. एक, थकून उताणा झालो, आणि खारं पाणी माणसाला जरा जास्तच उचलून धरतं. दुसरं, किनाऱ्यावर एक म्हातारे गृहस्थ सदरा काढून हवेत फिरवत होते, आडवा, उजवीकडे. बराच वेळ मला कळेना ते काय सांगतायत. मग लक्षात आलं की किनाऱ्याकडे नको, किनाऱ्याला समांतर पोह असं सांगतायत. तीस-चाळीस हात आडवा पोहलो आणि ओढ एकदम सुटली. फुटणाऱ्या लाटांनीच मला मग आत आणून टाकलं. चपला जिथे काढल्या होत्या तिथून दोन-अडीचशे पावलं लांब बाहेर आलो.

लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी परत जायला वाट शोधतं, आणि जिथे वाळूत खोलगट चर असेल तिथून जोरात निघतं. रिप करंट म्हणतात त्याला. जोराचा असेल तर ऑलिंपिकवाल्यालाही त्याच्या विरुद्ध पोहता येत नाही. तो खाली ओढत नाही, बाहेर ओढतो. माणूस बुडतो तो भांडून थकल्यामुळे.

---

सुरसागर_काठ | शनिवार, रात्री १०.२०

लालबागदादा, एवढं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. म्हणजे जिथे लाटा नाहीत ती जागा मुलांसाठी चांगली, असं आम्ही समजतो ते उलटंच?

---

लालबाग_पोहणारा | शनिवार, रात्री १०.३१

सगळीकडे उलटं नाही. बंद खाडीसारख्या किनाऱ्यावर लाटा नसणं वेगळं. पण दोन्ही बाजूंना फुटतायत आणि मधेच फुटत नाहीत, असं दिसलं तर तिथे नाही उतरायचं. उतरायच्या आधी दहा मिनिटं किनाऱ्यावर जरा उंचावर उभं राहून बघायचं. फेस किंवा कचरा बाहेरच्या दिशेने वाहत असेल तर ती त्याचीच वाट.

---

मालवणची_माहेरवाशीण | रविवार, सकाळी ८.०५

आणि खाडीच्या तोंडाशी अजिबात नको. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, बघायला स्वर्ग, पण ओहोटीला खाडी रिकामी होत असते तेव्हा पाणी दोरीने ओढल्यासारखं जातं. आमच्याकडे साधा दंडक आहे, भरती चढत असताना पोहा, ओहोटी लागली की बाहेर.

---

जय_कारेलीबाग | रविवार, सकाळी १०.४४

एवढं घाबरवू नका हो त्यांना. मी लहानपणापासून नदीत, विहिरीत पोहलोय, जॅकेट कधी घातलं नाही. पोहता येतं त्याला जॅकेट अडचणच होते. मुलांना भीती घालून ठेवली तर ती शिकणार कधी?

---

कमाटीबाग_डॉक्टर | रविवार, दुपारी १२.१०

जयभाऊ, मुलांनी शिकावं हे शंभर टक्के बरोबर. पण होडीत, जेट-स्कीवर, बनाना राइडवर (होडीमागे ओढल्या जाणाऱ्या लांब फुग्यावर) जॅकेट पोहता न येणाऱ्यांसाठीच असतं असं नाही. आपटून भोवळ आली तर पोहणं येऊन काय उपयोग? तेव्हा तोंड पाण्याबाहेर ठेवणारं काहीतरी अंगावर लागतं.

आपत्कालीन विभागात काम करतो म्हणून चार गोष्टी लिहितो. सिनेमात बुडणारा हात हलवतो, ओरडतो. खरा बुडणारा बहुधा ओरडत नाही. तोंड पाण्याच्या पातळीवर, डोकं मागे टाकलेलं, केस डोळ्यांवर आलेले आणि ते बाजूला करायलाही हात उठत नाहीत. आवाज काढायला लागणारा श्वासच त्याच्याकडे नसतो. खेळता खेळता मूल अचानक गप्प झालं तर आधी तिकडे बघा. लहान मुलाच्या बाबतीत "नजरेसमोर" पुरत नाही, हात लांब केला की दंड पकडता आला पाहिजे. आणि अकराजणांत "सगळे बघतायत" म्हणजे कुणीच बघत नाही. वीस-वीस मिनिटांची पाळी लावा, पाळीवाल्याने मोबाइल हातात घ्यायचा नाही.

कुणी बुडतंय दिसलं तर स्वतः उडी मारू नका. दोर, ट्यूब, झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन, तरंगेल ते फेका. बाहेर काढल्यावर पोट दाबणं, उलटं धरणं, गोल फिरवणं हे सगळं आपल्याकडे अजून चालतं, त्यात मोलाची मिनिटं जातात. श्वास नसेल तर आधी तोंडाने पाच श्वास द्यायचे, मग छातीवर तीस दाब आणि दोन श्वास, मदत येईपर्यंत. बुडण्यात प्राणवायू संपलेला असतो म्हणून श्वास आधी. शुद्धीवर आला, बोलला, तरी दवाखान्यात न्यायचंच. ११२ सगळीकडे चालतो, समुद्रातल्या मदतीसाठी तटरक्षक दलाचा १५५४.

---

जय_कारेलीबाग | रविवार, दुपारी १२.३२

डॉक्टर, भोवळीचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. शब्द मागे घेतो.

---

आजवा_रोड | रविवार, दुपारी १.५०

जॅकेट "आहे" यावर जाऊ नका, बसतंय का ते बघा. मुलाला हात वर करायला सांगा आणि खांद्याचे पट्टे धरून वर ओढा. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते पाण्यातही सरकेल आणि मूल खालून निसटेल. लहानांसाठी मांड्यांमधून जाणारा पट्टा असलेलं मागा.

पॅरासेलिंगचं म्हणाल तर, २०२१ च्या नोव्हेंबरात दीवच्या नागवा किनाऱ्यावर दोर तुटून एक जोडपं छत्रीसकट समुद्रात पडलं होतं. जॅकेट होती म्हणून वाचलं. दोर, हुक आणि वारा तिन्ही बघा. झाडांच्या शेंड्यांना जोराचा वारा दिसत असेल तर पैसे भरलेले असले तरी सोडून द्या. आणि बनाना राइडवाले शेवटी मुद्दाम पाण्यात पाडतात, त्यांना ती मजा वाटते. मुलं असतील तर बसायच्या आधीच निक्षून सांगा, पाडायचं नाही.

---

गोत्री_रोड | रविवार, दुपारी २.२५

कपड्यांचं कुणी बोललंच नाही. आपल्या बायका पंजाबी ड्रेस, ओढणी, साडीसकट उतरतात. भिजलेलं सुती कापड किती जड होतं ते धुणं पिळणाऱ्यांना विचारा. लाट आली की ओढणी गळ्याभोवती आणि सलवार पायांत. पूर्ण बाह्यांचे, घोट्यापर्यंतचे पोहण्याचे कपडे आता सहज मिळतात. आईंसाठीही घ्या ताई, त्या आधी नाही म्हणतील, मग सोडणार नाहीत.

---

भाखरवडी_प्रेमी | रविवार, दुपारी ३.००

प्रवासात लीलो चेवडो न्यायचा की भाखरवडी?

---

तिथी_वार | रविवार, दुपारी ३.०४

दोन्ही. अकराजण आहेत.

---

स्कुबावाला_भाचा | रविवार, सायंकाळी ६.४०

मी कॉलेजातलाच, म्हणून ताईंच्या भाच्यांसाठी लिहितो. मालवणला स्कुबा केलंय. पहिल्यांदा करणाऱ्याला प्रशिक्षक हात न सोडता खाली नेतो, सहा-सात मीटर. खाली तोंडानेच श्वास घ्यायचा आणि तो कधीही रोखायचा नाही, हे वर येईपर्यंत मनात घोळवत राहा. कानात दडा बसला की नाक दाबून हवा सोडायची, दुखलं तर खूण करून थांबायचं. सर्दी असेल तर जाऊच नका, कान सुटत नाही. दमा असेल तर आधी डॉक्टर. अंगठा वर म्हणजे "मस्त" नाही, "वर चला". मी पहिल्याच मिनिटाला आनंदाने अंगठा दाखवला आणि सर मला वर घेऊन आले.

---

सुरसागर_काठ | रविवार, रात्री १०.१०

सगळ्यांचे किती आभार मानू. घरात बसून सगळं वाचून दाखवलं. डॉक्टरांचा परिच्छेद दोनदा वाचला. ठरलंय: दीव, मुक्काम घोघल्याजवळ, मंगळवार ते शुक्रवार. तारकर्ली पुढच्या खेपेला. आल्यावर लिहिते.

---

सुरसागर_काठ | सहा आठवड्यांनंतर, सोमवार, रात्री ९.३०

उशीर झाला लिहायला, क्षमा असावी. बरेच जण व्यक्तिगत निरोपातून विचारत होते.

पोचल्या दिवशी पाण्यात उतरलोच नाही. मुलं रुसली. पण संध्याकाळी ओहोटीच्या वेळी सगळे किनाऱ्यावर चालत गेलो आणि लालबागदादांनी सांगितलं तसं बघत उभे राहिलो. पाणी गेलेलं असल्यामुळे वाळूतला एक खोलगट चर चक्क उघडा दिसत होता. दुसऱ्या दिवशी भरतीत तीच जागा वरून अगदी सपाट दिसली. माझ्या सात वर्षांच्या पोराने दुरूनच बोट दाखवलं, "आई, तिथे कालचा खड्डा आहे."

जीवरक्षकाला पहिल्यांदाच जाऊन भेटलो, कुठे उतरायचं ते विचारलं. त्याला बरं वाटलं असावं. दोन झेंड्यांच्या मधली जागा दाखवली आणि मग सकाळभर आमच्यावर लक्ष ठेवून होता. मोठा भाचा जरा पुढे गेला की शिट्टी, "आगळ न जता भाई!" आम्ही वीस मिनिटांच्या पाळ्या लावल्या होत्या. मोबाइल सगळे एका पिशवीत, पिशवी माझ्या वहिनीकडे.

नागव्याला जेट-स्की आणि बनाना राइड झाली. एका ठिकाणी जॅकेट दिलं त्याचं बकल तुटलेलं, नाडीने गाठ मारून ठेवलेलं. खांद्याला धरून ओढलं तर थेट नाकावर. दुसरं मागितलं तर तो म्हणाला, सगळे हेच घालतात, काही होत नाही. आम्ही तिथून निघालो. दुसऱ्याकडे नीट मिळालं. पॅरासेलिंगच्या दिवशी वारा होता, माडाच्या झावळ्या सगळ्या एकाच बाजूला ओढलेल्या. भाचे हिरमुसले, पण धाकटा स्वतःच म्हणाला, मावशी, राहू दे.

आणि आई. गोत्रीताई, तुम्ही म्हणालात तस्संच झालं. आधी "हे काय सोंग" म्हणून ते कपडे पिशवीतून बाहेर काढू दिले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला स्वतःच घालून तयार. मी आणि माझे मिस्टर दोन्ही बाजूंना. घोट्यापर्यंत पाणी आलं तेव्हा थांबली, पायाखालची वाळू सरकते ना, ती तिला कळेना. माझा हात घट्ट धरून म्हणाली, "अगं, जमीन चाललीय." मग गुडघाभर. एक लाट कमरेपर्यंत आली आणि ती मोठ्याने हसली. असं हसताना मी तिला बाबा गेल्यापासून पाहिलं नव्हतं. ओंजळीत पाणी घेऊन सूर्याला अर्घ्य दिलं, मग जिभेला लावून बघितलं आणि म्हणाली, खारट म्हणजे अगदीच खारट की गं.

अर्धा तास होती पाण्यात. बाहेर यायला तयार नव्हती.

---

खंडेराव_मार्केट | सोमवार, रात्री ९.५२

वाचून फार बरं वाटलं ताई. पोराच्या "कालचा खड्डा"ला माझ्याकडून एक सेव-उसळ.

---

लालबाग_पोहणारा | सोमवार, रात्री १०.१५

ओहोटीत किनारा बघून ठेवायचा आणि भरतीत उतरायचं, हे मलाही सुचलं नव्हतं. आता प्रत्येक वेळी करणार. एक विचारायचं होतं, मुलांना पोहायला घालताय का? उन्हाळ्याच्या तुकड्या लवकर भरतात.

---

सुरसागर_काठ | सोमवार, रात्री १०.२८

दोघांचीही नावं घालतेय. तिथे निदान पाण्यावर उताणं पडून राहायला आधी शिकवा असं सांगणार आहे.

माहेरवाशीणताई, तुमच्याकडे काम आहे. आई कालपासून कालनिर्णय घेऊन बसलीय, पाऊणपट करून वह्या भरतेय. मार्चमधल्या अष्टमीला तारकर्लीचं पाणी कसं असतं, असं विचारतेय.

---

मालवणची_माहेरवाशीण | सोमवार, रात्री १०.४०

आईंना सांगा, अष्टमीला सकाळी सहाला भरती भरलेली असते, मग ओहोटी, आणि दुपारी बारानंतर पाणी पुन्हा चढायला लागतं. दोन ते चार उतरायचं. ऊन असेल, टोपी आणायची. नऊनंतर वारा सुटतो, म्हणून होडीतून किल्ल्यावर सकाळी लवकर नेईन. जेवण माझ्या आईकडे, सोलकढी आणि घावणे. कुडाळ स्टेशनवर माझा भाऊ येईल न्यायला. किती जण, तेवढं कळवा.